बेपत्ता म्हणजे मयत नव्हे

कुणी वारल्याची बातमी काझी सरांना सांगायची आमच्या कॉलेजात कुणाची छाती नव्हती. शिपाई रडत आला, "सर, मामा गेला," तरी सर आधी विचारणार, "कुणी बघितलं?" मग, "दुसरं कोण होतं?" दोन साक्षीदार मिळाले की सर हळहळायचे, आणि ते मात्र अगदी मनापासून.

सर लातूरचेच. इतिहास शिकवायचे. मी मराठीचा, शेजारच्या खुर्चीतला, म्हणजे त्यांचा हक्काचा श्रोता. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आपल्या भागात माणसं किती मेली, हा त्यांचा जन्माचा विषय आणि नांदेडचे प्राध्यापक मठपती हे जन्माचे वैरी. मठपती संख्याशास्त्रवाले. दोन खानेसुमारींमधला फरक काढायचा आणि जी माणसं सापडत नाहीत ती मेली असं धरायचं, हा त्यांचा खाक्या. सर उखडायचे. "माणूस दिसंना म्हंजी मेला का हो? हैदराबादला गेला आसंल. नाव बदलून कुठं तरी ऱ्हात आसंल. बेपत्ता म्हंजी मयत न्हाई!"

त्यात लातूर जिल्हा नवा झाला. मठपतींनी लगोलग उस्मानाबादच्या मयतांतून लातूरचे वेगळे काढले. सर म्हणाले, "आजून हापिसातल्या खुर्च्या वाटून झाल्या न्हाईत, अन् ह्यांनी मुडदे वाटले!" आम्ही पोट धरून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण स्टाफरूममध्ये माणूस कशालाही हसतो.

पुढे एका वर्षी ऐन दुष्काळातच आमच्याकडे चर्चासत्र भरलं. टँकर आला नाही म्हणून कँटीन बंद. प्राचार्यांनी एकेक पाहुणा एकेका प्राध्यापकाच्या घरी जेवायला लावून दिला, आणि खवचटपणा असा, की मठपती आले काझी सरांच्या वाट्याला. मारामारी झालीच तर सोडवायला म्हणून मला बरोबर धाडलं.

घरी सरांच्या अम्मा बाजेवर बसल्या होत्या. पार थकलेल्या. वाळक्या मनगटांत हिरव्यागार काचेच्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. पाहुणा नांदेडचा म्हणताच त्या सावरून बसल्या.

"उधर कुछ खबर लगी क्या इसके अब्बा की? ॲक्शन के टैम चाकूर के बाजार कू गये थे."

मठपतींचा घास हातातच राहिला. बेपत्तांना मयत ठरवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस त्या बांगड्यांकडे बघत राहिला. सर खाली मान घालून भाकरी मोडत होते.

"आजून पक्कं काही न्हाई, अम्मा," मठपती म्हणाले. "तपास चालू हाय."

"हौ. आते वो, आते," म्हातारी म्हणाली, आणि पाहुण्याला भाजी वाढ म्हणून तिने सुनेला हाक मारली.

परतताना कॉलेजच्या फाटकाशी सर थांबले.

"मठपती, तुमचंच बरोबर हाय. मला लई वर्षांपासून ठाऊक हाय. पण मी एकदा हाव म्हणलो, की घरी जाऊन तिच्या बांगड्या मलाच उतरवाव्या लागतेत. ती हाय तवर भांडत ऱ्हावा माझ्याशी. येवढं करा."

दुपारी मठपती बोलायला उभे राहिले आणि काझी सरांच्या पद्धतीवर असे तुटून पडले, की प्राचार्यांना मध्ये पडावं लागलं. सरही बाह्या सरसावून उठले. सगळा हॉल हसत होता. मला मात्र हुंदका आवरेना, आणि जवळ डोळे पुसायला रुमालही नव्हता.