मागितलेली लुंगी

चुलीशेजारच्या टोपलीखालून टक्, टक् असा आवाज आला. पहाटेपासून घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. बोललं की काहीतरी बिनसेल, अशी मुर्तिनाला उगीचच भीती वाटत होती. आता बदकानेच बांबूवर चोच मारून शांतता मोडली, तेव्हा ती आणि तिचा नवरा तुगियो दोघंही हसले.

"घाबरलंय बिचारं," तुगियो म्हणाला.

"त्याला काय झालंय घाबरायला? कापायचेत ते आपल्या निंगचे केस."

निंग पाच वर्षांची. मागे एकदा तापाने फणफणली आणि ताप उतरला तेव्हा डोक्यावर जटा झाल्या होत्या. वोनोसोबोजवळच्या त्या डोंगरावर याचं कुणाला नवल नाही. अशा जटा मनात आलं म्हणून कापायच्या नसतात. पोर स्वतःहून काहीतरी मागतं. मागेल तेच, अगदी तसंच द्यायचं, मग गावचे म्हातारे म्बाह, म्हणजे आजोबा, रुसुक कात्री लावतात. वरच्या आळीतल्या पोराला काळ्या बकरीऐवजी करडी दिली, तर त्याच्या जटा परत आल्या, आणि जटांच्या आधी ताप आला. त्या तापाचीच मुर्तिनाला धास्ती होती. पोरीच्या उशाशी ओल्या फडक्याची घडी घेऊन ती पुष्कळ बसली होती.

निंगने वर्षभर एकच धोशा लावला होता: पांढरं बदक. एकही काळं पीस नसलेलं बदक शोधता शोधता तुगियोच्या चपला झिजल्या. पण मिळालं.

उन्हं वर आली तसं अंगण भरलं. चटया पडल्या, पिवळ्या भाताचा सुळका मधोमध बसला. सगळ्यांत पुढे वाडीचे प्रमुख पाक सुयात्नो मांडी घालून बसले, कडक इस्त्रीच्या हिरव्या चौकड्यांच्या लुंगीत. त्यांच्यामागे त्यांची बायको, बू कार्सिना. पाक आणि बू ही तिकडची काका-काकू म्हणायची रीत.

म्बाह रुसुक यांनी प्रार्थना पुटपुटली आणि ते निंगसमोर वाकले. "सांग बाळा, तुला काय हवं?"

तुगियोने बदक पुढे केलं. निंगने बदकाकडे पाहिलं, बदकाने निंगकडे.

"हे नको. हे चावतं."

"अगं, वर्षभर तर..." मुर्तिना कुजबुजली.

"तू मध्ये बोलू नकोस," म्बाह म्हणाले. "मग काय हवं, राणी?"

निंगने सरळ बोट दाखवलं. "ती लुंगी."

"कुठली लुंगी?"

"त्यांनी नेसलीय ना, ती. ती माझ्या बाबांची आहे. आई म्हणते, आपली दोरीवरून गेली ती हीच."

मुर्तिनाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि चटईसकट आपल्याला पोटात घ्यावं. ती म्हणाली होती, एकदाच, भांडी घासताना, स्वतःशी. घरात पोर आहे हे तिला ठाऊक होतं. पोरीला कान आहेत एवढंच विसरली होती.

"माझ्या नवऱ्याची लुंगी?" बू कार्सिनाचा आवाज चिरका झाला. "वोनोसोबोच्या बाजारातून मी स्वतः आणलीय, ईदला! आम्ही काय लोकांच्या दोऱ्या धुंडाळत फिरतो?"

"पोर आहे ते, बू... तिला काय कळतंय..." मुर्तिना म्हणाली.

"पोरीला कळत नाही, पण पोरीच्या आईला कळतं ना!"

पाक सुयात्नोंनी हात वर केला. "असू दे गं. बाळा, मी तुला अशीच नवी कोरी आणून देतो. चालेल?"

"नाही. हीच."

सगळ्यांनी म्बाहकडे पाहिलं. म्बाहनी कात्री मांडीवर ठेवली. "मागितली ती ही. आता ही आल्याशिवाय माझा हात चालायचा नाही."

पाक सुयात्नो उठले. आतल्या खोलीत गेले. जरा वेळाने दार किलकिलं करून त्यांनी लुंगी बाहेर दिली आणि हळूच विचारलं, "नेसायला काही आहे का?" घाईत मुर्तिनाच्या हाताला आलं ते तिचं स्वतःचं नेसायचं बाटिकचं वस्त्र, मोठ्या मोठ्या गुलाबी फुलांचं. तेच नेसून प्रमुख बाहेर आले आणि पहिल्यासारखे पुढे बसले.

"पाक, निऱ्या सांभाळा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू दाबून धरलेलं सगळं अंगण फुटलं.

जटा कापल्या, पांढऱ्या फडक्यात बांधून ओढ्याला सोडल्या. निंग तुळतुळीत डोकं घेऊन लुंगीत गुरफटून बसली. प्रमुखांनी त्या गुलाबी फुलांत उभं राहून गावाच्या एकीवर भाषणही केलं. मुर्तिना सगळा वेळ भात वाढत होती आणि कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती.

पाहुणे गेल्यावर ती बियाण्याचे बटाटे चाळायला माळ्यावर चढली. खरं तर लपायला. कोपऱ्यातल्या ढिगावरचं पांघरूण तिने ओढलं आणि तिच्या हातातच राहिलं. हिरव्या चौकड्या. टोकाला तिनेच लाल दोऱ्याने लावलेलं ठिगळ.

"अहो!" ती ओरडली. "हे काय आहे?"

तुगियो शिडीवरून डोकावला. "अरेच्चा! ही होय? ते हिमाचं दव पडायला लागलं तेव्हा मीच घातली की बटाट्यांवर. गारठले असते ना."

"मग मी दोरीखाली शोधत होते तेव्हा तोंडात काय बटाटा होता?"

"तू लुंगी शोधत होतीस? मला वाटलं, चिमटे."

तिला रडू यायला लागलं. एका भल्या माणसाला साऱ्या गावासमोर चोर ठरवलं, वर त्याची लुंगीही काढून घेतली. ती तशीच म्बाह रुसुककडे धावली. म्बाहनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परत देऊ म्हणतेस? दे की. पण दिलेलं मागे गेलं, की काय मागे येतं ते तुला माहीत आहे."

तिला निंगचं तापलेलं कपाळ आठवलं. प्रमुखांची लुंगी निंगकडेच राहिली.

मग बदल्यात द्यायला तिने तुगियोची लुंगी तीनतीनदा धुतली, वाळवली, आणि खाली मान घालून प्रमुखांच्या दारात गेली. सगळं सांगितलं. बू कार्सिनाने लुंगी दोन बोटांत उचलून हुंगली.

"बटाट्याचा वास येतोय."

"मी पुन्हा धुते, बू."

"लुंगी धुशील गं. ह्यांचं नाव कोण धुणार? काल पाणवठ्यावर एकीने मला विचारलं, आमच्या दोरीवरची घोंगडी बघितलीत का म्हणून!"

"मी सांगेन. शुक्रवारी नमाजानंतर, सगळ्यांसमोर."

पाक सुयात्नो मध्ये पडले. "आणलीय तर राहू दे ती. मी नेसेन. आमच्यात काही वाकडं नाही, हे लोकांना दिसेल." त्यांचा हेतू फार चांगला होता.

शुक्रवारी मशिदीपुढच्या उतारावर बायका, पुरुष, पोरं सगळी उभी होती. मुर्तिनाने काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. "जरा ऐका हो सगळ्यांनी," ती म्हणाली, आणि माणसं खरंच वळली.

त्याच वेळी पाक सुयात्नो मशिदीच्या पायऱ्या उतरून आले. अंगावर स्वच्छ, कडक इस्त्रीची, हिरव्या चौकड्यांची लुंगी. टोकाला लाल दोऱ्याचं ठिगळ.

निंगने आईचा हात सोडला. तुळतुळीत डोक्यावरून तळवा फिरवला, ठिगळाकडे नीट निरखून पाहिलं, आणि साऱ्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, ही तर बाबांची खरी लुंगी! ही परत मागायची, तर मला पुन्हा केस वाढवावे लागतील का गं?"