प्रेरणाचा स्वतंत्र निर्णय

मुलांना हुकूम सोडणे हा पालकत्वाचा अत्यंत दुबळा प्रकार आहे. कारण हुकूम मोडता येतो.

वडगावच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून असलेल्या आदिनाथरावांना हे ज्ञान लोणावळ्याच्या रिसॉर्टवर 'सन्मानपूर्वक पालकत्व' या एकदिवसीय शिबिरात (भोजन व चिक्कीसह) प्राप्त झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातून 'कर' आणि 'करू नकोस' ही रूपे रद्द केली व 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न लागू केला. पूर्वी मुलीच्या हातातला मोबाइल खाली ठेवायला चार सेकंद लागत. आता एक तास दहा मिनिटे लागू लागली; पण चर्चेअंती तो स्वेच्छेने ठेवला जाई. (आदिनाथरावांचा मोबाइल चर्चेतही चालू असे. तो कामाचा असतो.)

जूनमध्ये धोरणाची खरी कसोटी लागली. मुलगी प्रेरणा दहावी झाली. तिला कला शाखेत जाऊन भूगोल शिकायचा होता. अकरावीच्या अर्जाची मुदत शनिवारी सहापर्यंत. आदिनाथरावांनी नकार दिला नाही. नकार म्हणजे नियंत्रण. त्यांनी तिचे म्हणणे लेखी मागवले, वाचून कौतुक केले आणि त्रुटी दाखवून परत दिले. असे सात वेळा. पहिल्यांदा 'उपजीविकेचा उल्लेख नाही', चौथ्यांदा 'भावनेचे प्रमाण जास्त', आणि सातव्यांदा 'मुद्दे पटण्यासारखे आहेत, सबब अधिक विचार व्हावा'.

पवनानगरहून आलेल्या त्यांच्या आत्या, कस्तुराबाई, भाजी निवडत हे ऐकत होत्या.

"आदिनाथ, तुझा बा नांगर धर म्हनला. तू न्हाई म्हनलास. त्यानं एक मुस्काटात दिली आन कालिजात जाऊ दिलं. तू पोरीला मारीत बी न्हाईस आन सोडीत बी न्हाईस."

"आत्या, मी तिचा आदर करतोय."

"व्हय, दिसतंय की. लय दमलीय पोर."

शनिवारी साडेपाचला प्रेरणा म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा सरळ नाही म्हणा ना. मग मला भांडता तरी येईल."

आदिनाथराव दुखावले. "मी कधी नाही म्हटलंय, बाळा? निर्णय तुझाच आहे. फक्त घाई नको."

पाच पंचावन्नला तिने विज्ञान शाखा भरली. खोलीचे दार आपटलेही नाही. हळूच लावून घेतले. आदिनाथरावांनी ही परिपक्वतेची खूण मानली आणि शिबिराच्या ग्रुपवर कळवले, 'मुलीने पूर्ण स्वातंत्र्याने विज्ञान निवडले.' चौसष्ट पालकांनी हात जोडले. (त्यांपैकी एकसष्ट जणांच्या मुलांनीही त्याच आठवड्यात, पूर्ण स्वातंत्र्याने, विज्ञानच निवडले होते. उरलेल्या तिघांची मुले अजून विचार करत होती.)

आपल्या घरी असे होत नाही, याची वाचकांना खात्री असणारच. तरीही एकदा मुलांना विचारून पाहावे. मूल लगेच "छे, तुम्ही अजिबात तसे नाही" म्हणाले, तर त्याचेही प्रशिक्षण पूर्ण झाले असे समजावे.