पटावरचं लिंबू

सरकारी शाळा वाचवायला भाषणं लागत नाहीत, नियोजन लागतं, असं विशाखा मॅडमचं ठाम मत होतं. आणि नियोजन म्हणजे विशाखा मॅडम! रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चहाची पावडरसुद्धा सपाट चमच्याने मोजणारी बाई.

शाळा पुंडलिकनगरच्या मागच्या गल्लीत, सातवीपर्यंत. पट सतरा. वरून पत्र आलं होतं : शनिवारच्या तपासणीत पट वीस भरला नाही, तर शाळा बंद आणि मुलं चार किलोमीटरवरच्या शाळेत. चार किलोमीटर म्हणजे निम्म्या मुली घरीच बसणार, हे गणित मॅडमनी पत्र वाचता वाचताच सोडवलं होतं. इकडे इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन रोज सकाळी गल्लीतली लेकरं टिपून नेई, कोंबडीनं दाणे टिपावेत तशी!

मॅडम आठवडाभर दारोदार हिंडल्या. पहिलीला पाच नवी नावं मिळाली. सतरा आणि पाच, बावीस! शनिवारी सकाळी नव्या मुलांचा प्रवेशोत्सव, दुपारी तीनला तपासणीचे साहेब.

प्रवेशोत्सवात लेकराचं पहिलं पाऊल रंगात बुडवून कागदावर उमटवतात. मुख्याध्यापक काकासाहेबांनी त्यासाठी कुंकवाचा पुडा आणला.

"हे नको सर! यात रासायनिक रंग असतो. लेकरांची कातडी कोवळी. हळद घेऊ."

"हळद तर हळद! तीन वाजेपर्यंत तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा!"

दहा पिवळी पावलं उमटली. टाळ्या झाल्या. लेकरं जेवायला घरी गेली आणि त्यांच्या आयांनी कोणतीही शहाणी आई करते तेच केलं. पाय धुतले. हाताशी होता कपड्यांचा साबण.

हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे मॅडम दरवर्षी सातवीला शिकवत. दोन गुणांचा हमखास प्रश्न! त्यांच्या नियोजनाच्या वहीत हळद होती, ताट होतं, कागद होते. साबण नव्हता.

एक वाजता फोन वाजला. वाळूजच्या कारखान्यातून एक पालक, गोकुळ, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत होता.

"मॅडम, आमच्या सुयशला टाके किती पडले?"

"कसले टाके?"

"बायको म्हणती पाय लालभडक झालेत! तुम्ही लेकरं खिळ्यांवर चालवली म्हणं!"

पहिल्या घरात पाय नुसते लाल होते. तिसऱ्या घरात ते सोलले गेले, किराणा दुकानापर्यंत खिळ्यांचे निखारे झाले. शहागंजातल्या कुणाच्या तरी मामांनी तर रुग्णवाहिका पाठवू का, म्हणून विचारलं!

पावणेतीनला पाची घरच्या बाया लेकरं घेऊन फाटकात हजर. पुढे सरूबाई. कडेवर नात संस्कृती, मुठीत दृष्ट काढायला आणलेलं लिंबू.

"आमचं नाव खोडा मॅडम! पहिल्याच पावलाला लेकराला नजर लागली!"

"आजी, नजर नाही, ती हळद आहे."

"हळद पिवळी असती! साठ वर्सं सैपाक केलाय म्या. मला हळद शिकवता व्हय?"

मागून काकासाहेब कुजबुजले, "मॅडम, परत सतरा! आणि साहेबांची गाडी कोपऱ्यावर आलीय!"

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून विशाखा मॅडमच्या घरात लिंबू फक्त वरणावर पिळलं जाई. पण आता विचाराला वेळच नव्हता!

"आणा ते इकडं!"

मॅडमनी सरूबाईच्या मुठीतून लिंबू ओढलं, चक्क दातांनी फोडलं आणि संस्कृतीच्या पावलावर चोळलं. लाल पाऊल पिवळं झालं. मग दुसरं, तिसरं. एका लिंबात दहा पावलं! फाटकातल्या बाया वाकून बघू लागल्या. साहेबही गाडीतून उतरून बघत उभे.

"बघितलंत? साबण आम्लारी, लिंबू आम्ल. म्हणून रंग बदलतो."

"पुस्तकात तसं म्हणत असतील," म्हणत सरूबाईने मॅडमवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "मॅडमच्या हाताला लई गुण हाय! नाव राहू द्या!"

साहेबांनी डोकी मोजली. बावीस. शाळा वाचली!

सोमवारी फाटकात रांग. व्हॅनमधून उतरवलेली नऊ लेकरं, प्रत्येकाच्या हातात लिंबू! पट एकतीस.

"सर, ही फसवणूक आहे. मी खरं सांगणार."

"सांगा की! फक्त नावं चढू द्या."

नावं चढली. मग मॅडमनी एकतीस लेकरांकडून, पालकांसमोर, हळद-साबण-लिंबाचा प्रयोग करून घेतला.

"बघा! कुणालाही जमतं. माझ्या हातात काही नाही!"

सरूबाईने एकतीस पिवळे तळहात एकेक करून न्याहाळले.

"म्हंजे सगळ्याच लेकरांच्या हाताला गुण आला! अर्ध्या तासात! त्या व्हॅनवाल्या शाळेत दोन वर्सं जाऊन माझ्या थोरल्या नातवाला साधा टायबी बांधता येईना!"

मॅडमनी हजेरीपट उघडून पाहिला. नाव तर कुणीच खोडलं नव्हतं.

पट कशामुळे वाढला, अशी वरून विचारणा झाली, तेव्हा मॅडमनी सुवाच्य अक्षरात खरं तेच लिहून पाठवलं : हळद, साबण, लिंबू, एकतीस मुलं. शाळेला साधी प्रयोगशाळा द्यावी, अशी शेवटी नम्र विनंती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. काकासाहेबांनी ते मोठ्याने वाचलं.

"उपक्रम स्तुत्य. सर्व शाळांनी राबवावा. प्रयोगशाळेची आवश्यकता दिसत नाही. लिंबू लोकसहभागातून मिळवावे."