तीस लिटर सुरक्षित पेट्रोल

निघायच्या आदल्या दिवशी भावोजींनी मेहुण्याच्या अंगणात सगळ्यांना उभं केलं आणि पेट्रोल बरोबर कसं न्यायचं ते समजावून सांगितलं. ते विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कुठली गाडी कशानं पेटली हे ते राखेकडे बघून सांगत, आणि सांगताना समोरच्याकडे असं बघत की ऐकणारा हातातली सिगारेट आपसूक विझवून टाकी. मेहुणा त्यांना भावोजी म्हणायचा म्हणून त्याची सगळी टोळीही भावोजीच म्हणायची.

सहल मेहुण्यानंच आखली होती. तीन बग्ग्या, पाच माणसं, दोन दिवस. बग्गी म्हणजे शेजारी शेजारी दोन सीटं, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा, खाली जाडजूड चाकं आणि जिथं रस्ता नाही तिथंच जायची हौस. माळ, कोरडी नदी, डोंगराची कड असा दोनशे चाळीस किलोमीटरचा फेरा होता. टाकी जेमतेम दीडशेला पुरायची, आणि वाटेत पेट्रोलपंप सोडाच, साधं दुकानही नव्हतं.

टोळीतल्या बेकरीवाल्यानं शीतपेयाच्या सहा बाटल्यांत पेट्रोल भरून सीटखाली ठेवलं होतं. भावोजींनी त्या एकेक करून बाहेर काढायला लावल्या.

"पायाखाली बाटल्या, मागे तापलेला सायलेन्सर," ते म्हणाले. "घरच्यांचा फोन नंबर तेवढा लिहून द्या."

बेकरीवाल्यानं बाटल्या निमूट घरी पाठवल्या. मेहुण्याचा जुना पत्र्याचा कॅनही झाकणाचं रबर झिजलंय म्हणून बाद झाला. मग भावोजी स्वतः दुकानात जाऊन दहा-दहा लिटरचे तीन लाल कोरे कॅन घेऊन आले. कॅनच्या तोंडावर खास सुरक्षित नळी होती. तिला लाल बटण, निळी कडी आणि आत स्प्रिंग. कॅन कलंडला तरी थेंब सांडणार नाही अशी हमी होती. संध्याकाळी ते एकटेच पंपावर गेले, कॅन जमिनीवर ठेवून, वर चार बोटं जागा सोडून भरून आणले. सकाळी प्रत्येक बग्गीच्या मागच्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब, एकेक कॅन उभा ठेवून दोन-दोन पट्ट्यांनी आवळला. शेजारी आग विझवायचं नळकांडं. मग प्रत्येक कॅन हातानं हलवून बघितला. हलला नाही.

"आता हे पेट्रोल कुठंही जात नाही," ते म्हणाले. आपण किती खरं बोललो ते त्यांना दुपारी कळलं.

दुपारी कोरड्या नदीच्या पात्रात मेहुण्याची बग्गी दोनदा खोकली आणि थांबली. बाकीच्या दोन्हींचे काटेही तळाला टेकले होते. कुणालाच काळजी वाटली नाही. उलट ह्याचसाठी तर एवढी तयारी केली होती. भावोजींनी इंजिनं बंद करायला लावली, वीस मिनिटं गार होऊ दिली, मग मेहुण्याचा कॅन खाली उतरवला. लाल बटण दाबलं, निळी कडी फिरवली, नळी टाकीच्या तोंडात घालून कॅन उलटा केला.

खरोखरच एक थेंबही सांडला नाही.

त्यांनी आधी कडी फिरवून मग बटण दाबून पाहिलं. दोन्ही एकदम करून पाहिलं. मेहुण्यानं बटण, बेकरीवाल्यानं कडी आणि भावोजींनी कॅन असं तिघांनी मिळून पाहिलं. कॅनवर सूचना होत्या, पण त्या कुठल्या भाषेत आहेत यावरच मतभेद झाले. खाली एका माणसाचं चित्र होतं. तो एका हातानं पेट्रोल ओतत होता आणि हसत होता.

"मला बघू द्या," दंतवैद्य म्हणाला. "न उघडणारी तोंडं मी रोज उघडतो." तो बेकरीवाल्याच्या बग्गीत बसून आला होता आणि आपली छोटी हत्यारं त्यानं सुट्टीतही जवळ ठेवली होती. एक बारीक सळई आत सारून त्यानं काहीतरी हलवलं. टिंग असा आवाज झाला आणि स्प्रिंग उडून वाळूत पडली. दुसरा कॅन बेकरीवाल्यानं हातात घेतला. तीस वर्षं कणीक मळलेला तो हात. त्यानं निळी कडी फिरवली आणि कडी बोटांत आली.

"मऊच होती," तो म्हणाला.

तिसऱ्या कॅनकडे मेहुण्याचा हात वळताच भावोजी मध्ये जाऊन उभे राहिले.

ऊन वाढत होतं, कॅन गाल फुगवायला लागले होते. भावोजींनी ते उचलून खडकाच्या सावलीत ठेवले. बेकरीवाल्यानं स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडायचं सुचवलं.

"तापलेला कॅन, आत वाफ, हातात लोखंड," भावोजी शांतपणे म्हणाले. "अशा तीन फायली माझ्या कपाटात आहेत. तिन्हींतल्या माणसांच्या फोटोला आता हार आहे."

तो विषय तिथंच संपला. बेकरीवाला जरा लांब जाऊन बसला आणि आपल्या बाटल्यांना नुसतं फिरकीचं झाकण होतं हे त्यानं तीन वेळा सांगितलं. मेहुणा फोनला रेंज मिळते का बघायला टेकडीवर चढला आणि अर्ध्या तासानं घामाघूम होऊन उतरला. कॅनचा दुकानदार फोनवर म्हणत होता की हा एक नंबरचा माल आहे, आजपर्यंत एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

"यायचं म्हटलं तर गाडीत पेट्रोल लागतं," दंतवैद्य म्हणाला.

भावोजींना पहिल्यांदाच जरा अवघडल्यासारखं झालं. सूर्य मावळायच्या आत पलीकडच्या विश्रामगृहावर पोचायला हवं होतं, आणि सगळ्यांचं सगळं पेट्रोल त्यांनीच या तीन कॅनमध्ये कोंडलं होतं. तरी त्यांनी आवाज खाली येऊ दिला नाही. कॅन उत्तमच आहेत, असं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

त्यांची बायको इतका वेळ बग्गीत पाय वर घेऊन संत्रं सोलत बसली होती. सकाळपासून गाडी तीच चालवत होती आणि या विश्रांतीला तिची काही हरकत नव्हती. शेवटची फोड तोंडात टाकून तिनं विचारलं, "अहो, काल यात पेट्रोल घातलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? वरून," भावोजी म्हणाले, आणि थांबले.

नळीच्या बुडाशी तळहाताएवढं काळं झाकण होतं. नळी त्यात बसवलेली होती. काल पंपावर त्यांनी ते झाकण नळीसकट फिरवून काढलं होतं, कॅन भरला होता आणि पुन्हा घट्ट लावलं होतं. तीनदा. प्रत्येक वेळी अगदी समाधानानं.

सगळे कॅनकडे बघत होते. मग सगळे भावोजींकडे बघायला लागले.

"हं," भावोजी म्हणाले. "हे कुणाच्या लक्षात येतंय का, तेच बघत होतो."

"दीड तास?" दंतवैद्यानं विचारलं. त्याच्या हातात वाळूतून शोधून काढलेली स्प्रिंग होती.

भावोजींनी सगळ्यांना मागे सरकवलं, तोंड बाजूला धरून झाकण हळूहळू सैल केलं, कोंडलेली वाफ सुस्कारा टाकत बाहेर जाऊ दिली, आणि ऑइलच्या पेटीतलं नरसाळं पुसून तिन्ही टाक्या भरल्या. हे काम त्यांनी इतकं नेटकं केलं, की बेकरीवाल्यानंही मान डोलावली. ऊन असतानाच मंडळी विश्रामगृहावर पोचली.

पुढच्या महिन्यात दुसरी सहल ठरली. यावेळी सात माणसं नवी होती. भावोजींनी त्यांना अंगणात उभं केलं, बाटल्या बाहेर काढायला लावल्या, सीट, सायलेन्सर, पट्टे, सगळं सांगितलं. मग बोट वर करून म्हणाले, "आणि कॅन नवा असेल तर घरीच एकदा उघडून, ओतून बघायचा. लोक नेमकं हेच करत नाहीत."

"असं कोण करतं?" नव्यांतल्या एकानं विचारलं.

भावोजींची बायको हातातली चावी फिरवायची थांबली. मेहुणा आकाशाकडे बघायला लागला.

"करतात," भावोजी ठामपणे म्हणाले. "एक जण तर तीस लिटर पेट्रोल जवळ असून दीड तास नदीत बसला होता. मी स्वतः तिथं हजर होतो."