खडूच्या घरांचा तलाठी

हेमंत राऊत भिंतीला धडकता धडकता थांबला, तेव्हा तिथे भिंतच नव्हती. कॉलेजच्या रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर खडूची एक रेघ होती. तिच्यापाशी तो पाय जुळवून उभा राहिला, आणि रेघ ओलांडून सरळ आत निघालेल्या ब्रायनला म्हणाला, "भिंत आहे ती."

ब्रायनला वाटलं, गंमत चाललीय. पण हेमंतच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नव्हता. शेवटी ब्रायन मागे फिरला, वळसा घालून रेघेत जिथे फट सोडली होती तिथवर गेला, चपला काढल्या आणि मान खाली घालून दारातून आत आला. मग हेमंतने त्याला बसायला सांगितलं. कुठे बसायचं तेही सांगितलं, कारण पलीकडे म्हणे चूल होती.

वेड कोणाला नसतं? पण स्वतःचं वेड इतक्या शांतपणे दुसऱ्याला पाळायला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आम्ही चौघं, म्हणजे मी, सुप्रिया, ब्रायन आणि हेमंत, वसईला नाट्यशास्त्र शिकत होतो. त्या वर्षी आमच्या बाईंनी सांगितलं की लिहिलेलं नाटक करायचं नाही. एक प्रश्न घ्या, तो लोकांना जाऊन विचारा, आणि जे हाती लागेल त्यातून चौघांनी मिळून अर्ध्या तासाचा प्रयोग उभा करा. बाईंची अट एकच होती: जे सांगाल ते कोणीतरी खरोखर सांगितलेलं असलं पाहिजे. मनचं घालायचं नाही.

आम्ही आठवडाभर प्रश्न शोधत होतो. ब्रायनला रस्त्यावरचे खड्डे हवे होते, सुप्रियाला लग्नं. हेमंत खिडकीतून बाहेर बघत बसला होता. तो बोलायला लागला की नेहमी अर्धवट झोपेतून उठल्यासारखा बोलतो. म्हणाला, "लोकांना स्वप्नात घर दिसतं ना, ते कुठलं असतं, विचारूया?"

आम्ही हसलो. पण त्याच संध्याकाळी मी सहज आईला विचारलं. विरारच्या फ्लॅटचे हप्ते फेडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, तरी तो फ्लॅट तिच्या स्वप्नात एकदाही आलेला नव्हता. ती रोज स्वप्नात गावी, कुडाळच्या घरात असते आणि तिथून विरारच्या नंबरवर गॅसचं बुकिंग करते. सिलेंडर काही येत नाही. हे सांगताना आई इतकी हसली, आणि नंतर इतकी गप्प झाली, की मी दुसऱ्या दिवशी हेमंतच्या बाजूने हात वर केला.

मग आम्ही हिंडलो. आगाशीच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या काकांना स्वप्नात घर दिसायचं, पण दार सापडायचं नाही. ब्रायनच्या मावशीच्या स्वप्नात घरातला अल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा, कायम उजळलेला असायचा, मेणबत्त्या मात्र कोण लावतं ते कळायचं नाही. टीव्ही दुरुस्त करणारे शिंदेकाका सांगलीकडचे. त्यांच्या स्वप्नात विरारच्या बिल्डिंगची लिफ्ट थेट गावच्या गोठ्यात उघडायची. बाकी आम्ही तिघं माना डोलवत रेकॉर्डिंग करायचो. हेमंत मात्र रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडायचा नाही. तो खाली उकिडवा बसून विचारायचा, "दार कुठे?" मग उंबरा केवढा, वाकावं लागायचं का, मोरी कुठल्या अंगाला, उजेड कुठून यायचा. लोक आधी बुचकळ्यात पडायचे, मग डोळे मिटायचे आणि हातांनी हवेत घर दाखवायला लागायचे. रिक्षावालाही सुटला नाही. सिग्नल नसतानाही त्याने रिक्षा कडेला घेतली आणि जौनपूरचं अंगण समजावून सांगितलं.

दुपारी हॉलवर आलो की हेमंत खडूने ती घरं फरशीवर काढायचा. ब्रायनने त्याचं नाव तलाठी ठेवलं, आणि ते चिकटलं. वरच्या झरोक्यातून उन्हाचे पट्टे यायचे, त्यात खडूची भुकटी तरंगायची, आणि एकाला लागून एक अशी सांगली, कुडाळ आणि जौनपूर वसलेली असायची. तासाभराने आम्हालाही भिंती दिसायला लागायच्या. मी एकदा फोनवर बोलत चालताना कुडाळच्या न्हाणीघराला खरोखर वळसा घातला. कोणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघून घेतलं.

हॉल झाडणाऱ्या मावशींनी एकदा अख्खं जौनपूर ओल्या फडक्याने पुसून टाकलं. हेमंत नुसता त्या ओल्या फरशीकडे बघत उभा राहिला. मावशींना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्या दुसऱ्या दिवसापासून दारातून आत जाऊन खोली खोली झाडायला लागल्या. वर आम्हालाच सांगायच्या, "स्वयंपाकघरात चहाचे कप ठेवून गेला होतात, बघा."

शिंदेकाका आपलं घर बघायला आले तो दिवस तर विसरायचा नाही. गोठ्यात उभे राहून म्हणाले, इथे म्हैस पाहिजे. सुप्रिया म्हैस झाली. काकांनी बराच वेळ तिचं निरीक्षण केलं आणि म्हैस याहून शांत होती असं सांगितलं. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्याच्या जरा वर, हवेत, थोपटलं. सुप्रियाने नंतर सांगितलं की नाटकात तिचं इतकं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही.

बाईंनी सगळं बघितलं. त्यांना आवडलं, पण त्या म्हणाल्या की ही सगळी दुसऱ्यांची घरं झाली. शेवटी एक घर तुमच्यातल्या कोणाचं तरी येऊ दे.

आम्ही तिघांनी हेमंतकडे पाहिलं. आम्ही फ्लॅटमध्ये वाढलेली पोरं. हेमंतच्या घरची नंदाखालला नारळी-केळीची वाडी होती, वाडीत घर होतं. तो लहान असताना वडिलांनी ते विकलं, आता तिथे बिल्डिंग आहे. म्हणजे प्रयोगाचा शेवट आयता समोर बसला होता. हेमंत नको म्हणाला. आम्ही मागेच लागलो. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने घर काढलं. ओटा, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि रस्त्याकडे तोंड केलेलं दार. झरझर काढून मोकळा झाला.

तालमीत तो त्या घरात फिरायला लागला आणि मला काहीतरी खटकलं. तो माजघरातून स्वयंपाकघरात गेला तो सरळ भिंतीतून. मी म्हटलं, "भिंत आहे ती." तो थांबला. रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

चहाच्या टपरीवर त्याने मला सांगितलं. त्याला ते घर आठवतच नव्हतं. त्याची आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला-बोलायला शिकला होता, आणि त्यानंतर वर्षाच्या आत घर विकलं गेलं. वडील वसईच्या कोर्टात कारकून. घराचा किंवा आईचा विषय काढला की ते एकच वाक्य बोलायचे: "ते प्रकरण निकाली निघालं." पुढे विचारायची हेमंतची छाती झाली नाही. म्हणून तो जगाला विचारत सुटला होता. कोणाच्या तरी दारावरून आपलं दार आठवेल, अशी आशा होती.

"काहीच आठवलं नाही?" मी विचारलं.

"उलटंच झालं," तो म्हणाला. "आता मला स्वप्नात शिंदेकाकांची म्हैस दिसते."

मला हसू आलं, आणि हसता हसता फार वाईट वाटलं. हेमंत म्हणाला, बाईंची अट आहे, मनचं घालायचं नाही. हे घर मनचं आहे, तेव्हा शनिवारच्या तालमीत ते दाखवून बाईंना खरं सांगणार आणि काढून टाकणार. तो हे इतक्या सहज बोलला की मला त्याचा रागच आला.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी जेवणाच्या सुट्टीत कोर्टात गेले आणि राऊतकाकांना गाठलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डबा अर्धा झालेला. त्यांनी विचारलं, "कशाबाबत?" मी म्हटलं, शनिवारी तालीम आहे, प्रेक्षक कमी पडतात. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "उपस्थित राहीन."

शनिवारी ते खरंच आले आणि अगदी मागच्या खुर्चीत बसले. हेमंतला दिसले तेव्हा तालीम सुरू झाली होती, पळायला वाव नव्हता. कुडाळ झालं, सांगली झाली, म्हैस झाली. शेवटी हेमंत आपल्या घरात उभा राहिला. बाईंकडे बघायचं सोडून तो मागच्या खुर्चीकडे बघत होता.

"हे नंदाखालचं आमचं घर," तो म्हणाला. "हे मी अंदाजाने काढलंय. मला आठवत नाही."

राऊतकाका उठले. मला वाटलं, निघाले. पण ते पुढे आले आणि रेघेपाशी थांबून सगळं घर पाहून घेतलं.

"तोंड चुकलं," ते म्हणाले. "रस्ता नंतर झाला. तेव्हा सगळी घरं बावखलाकडं तोंड करून."

बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. आम्ही रस्त्याकडेच्या बिल्डिंगांत वाढलेली माणसं, घराचं दार रस्त्याकडेच असणार हे आम्ही न विचारता धरून चाललो होतो. काका खाली बसले. रुमालाने समोरची भिंत पुसली आणि हेमंतच्या हातातून खडू घेतला. मग ते काढतच राहिले. कोर्टाची भाषा कधी सुटली आणि घरची बोली कधी आली, त्यांनाही कळलं नसावं. ती मला बोलता येत नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगते. इथे ओटा. ओट्यावर राजेळी केळी सोलून उन्हात घालायची ती, सुकेळीसाठी. कावळे यायचे म्हणून हातात काठी घेऊन बसायची ती.

'ती' कोण ते कोणी विचारलं नाही. हेमंत त्यांच्या शेजारी उकिडवा बसला होता. एवढ्या लोकांना एवढे प्रश्न विचारलेल्या मुलाने वडिलांना पहिला प्रश्न विचारला.

"घर का विकलं, बाबा?"

काकांचा खडू थांबला.

"तू रोज सकाळी उठून तिला शोधायचास," ते म्हणाले. "एकेका खोलीत जाऊन बघायचास. सगळ्या बघून झाल्या की पुन्हा पहिलीपासून. मला ते बघवेना."

बाई खाली बघत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हेमंतने खडूच्या एकेका खोलीवरून नजर फिरवली.

"आधी कुठल्या खोलीत जायचो?" त्याने विचारलं.

"आधी स्वयंपाकघरात," काका म्हणाले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सहा फुटी मुलापुढे त्यांनी आपलं बोट केलं. हेमंतने ते धरलं.