गंगारामचा सोवळा वाफा

गुणवंतीने शहरातल्या कचऱ्यापासून केलेल्या खताचं पोतं रिक्षातून उतरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, गंगारामने, खांद्यावरचा पंचा नाकाला लावला.

"अख्ख्या रत्नागिरीची घाण दारात आणलीस गो!"

"घाण नाय, खत आहे. तुमच्या वाफ्याला नाय घालणार, घाबरू नका."

गंगाराम होड्यांची डागडुजी करणारा माणूस. परसात उपड्या घातलेल्या होड्यांशेजारी त्याचा लाल माठाचा वाफा होता. तीस वर्षांत त्यात बाजारचं चिमूटभर काही पडलेलं नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. गुणवंतीने खत चाळलं, काचा आणि बाटल्यांची झाकणं वेचून काढली आणि विहिरीजवळ भोपळ्याचं बी लावलं.

पुढे नवलच झालं. वेल पसरत पसरत पार कुंपणापर्यंत गेला. त्याला एक भोपळा धरला आणि तो वाढतच राहिला. शेवटी तो दोन पुरुषांना हलेना. आळीतल्या बायका बघायला यायच्या आणि नकळत हात जोडायच्या. त्यांतल्या गोदाने तर त्याला कुंकूच लावलं. कुणी नसताना गंगारामही त्यावरून हळूच हात फिरवून यायचा. देवाची करणीच ती, पण बायकोसमोर कबूल कोण करणार!

गौरी-गणपतीला लेक भाविका माहेरी यायची होती, पहिलटकरीण. गंगारामने बजावलं, "माझी पोर कचऱ्यातलं खाणार नाय. तिच्या ताटात माझा माठ."

"आणि माझा भोपळा!"

भांडण मिटेना. तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकणारी शेजारची मृणाली दोन्हीकडची माती तपासायला घेऊन गेली. गौरी यायच्या आदल्या दिवशी ती अहवाल घेऊन आली.

"काकी, तुमच्या मातीत धोक्याचं काही नाही. मात्र दर खेपेला खत तपासूनच घ्या. काका, तुमच्या मातीत शिसं आहे. खूप आहे. हा माठ भाविकाताईला अजिबात देऊ नका."

"शिसं? मी तर बाजारचं कायच घालत नाय!"

मृणाली होड्यांकडे बघत राहिली. "होडीचा जुना रंग खरवडता, तो कुठे टाकता?"

"टाकू कशाला? माठाच्या बुडात घालतो. त्या रंगाने लाकडाला कीड लागत नाय, मग भाजीला तरी कशी लागेल?"

"काका, त्या जुन्या रंगातच शिसं असतं," मृणाली म्हणाली. भाविकाला लहानपणापासून गंगारामने हाच माठ कौतुकाने भरवला होता. तो होडीला टेकून रडू लागला.

"रडू नका, काका. ताईचं रक्त तपासून घेऊ," मृणाली म्हणाली.

गंगाराम डोळे पुसून उठला आणि त्याने फावडं उचललं. "सगळी माती उकरतो आणि उद्याच्या घंटागाडीत देऊन टाकतो."

"नको, नको!" मृणाली धावत आडवी आली. "कचऱ्यात ही माती गेली तर सगळ्या शहराचं खत नासेल!"

गंगारामने फावडं खाली ठेवलं. मग तो गुणवंतीला म्हणाला, "भोपळा घरात न्यायला किती माणसं लागतील गो?"