फक्कीची रेघ

सोनपेठच्या मैदानावर उन्हाळी क्रीडा शिबिर भरलं. मुलांना मोबाइलपासून सोडवून मैदानाकडे वळवणं हा शिबिराचा उद्देश होता, आणि तो सर्व पालकांना मोबाइलवरून कळवण्यात आला होता.

सात वर्षांची रुद्राणी पहिल्या दिवशी दिवस उगवायच्या आत हजर झाली. पायात निळे बूट होते, संक्रांतीला आजोबांनी, म्हणजे आबांनी, घेतलेले. उन्हाळ्यात दोघं मिळून पळू, असं आबा म्हणाले होते. उन्हाळा आला, आबा माघातच गेले. बूट आताच बोटांना दाटायला लागले होते. तेव्हा पळायचं ते याच उन्हाळ्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मैदानावर फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघांनी धावपट्टी आखली होती. रुद्राणीने पाऊल उचललं, तोच मार्गदर्शक दत्तराव सरांनी शिट्टी फुंकली. अजून उद्घाटन व्हायचं होतं. साहेब येणार, फीत कापणार, फोटो निघणार. आणि फोटोत रेघा पुसट आल्या तर पुढच्या वर्षीचं शिबिर धोक्यात येणार. तोवर पट्टीवर कुणी पाय ठेवायचा नाही. मुलं कडुलिंबाखाली बसली. साहेब आले नाहीत, ऊन आलं. उन्हात मुलांना मैदानावर ठेवू नये असा वरून आदेश होता. तो मात्र वेळेवर पाळण्यात आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. वाऱ्याने रेघा विस्कटल्या की सर नव्याने फक्की मारत. मुलं रिकामी बसू नयेत म्हणून सराव सुरू झाला, टाळ्यांचा. साहेब गाडीतून उतरताना सावकाश, व्यासपीठाकडे वळले की जोरात. प्रगती समाधानकारक होती. उंच मुलांची हार धरण्यासाठी निवड झाली, बुटक्यांची फुलं उधळण्यासाठी. जी चुळबुळ करत ती राखीव. रुद्राणी कायम राखीव राहिली.

एक गावठी कुत्रं तेवढं रोज पट्टीवरून सुसाट जाई. त्याला उद्घाटनाची कल्पना देण्यात आली नव्हती.

"सर, आमी कवा पळायचं?" रुद्राणीने एकदा विचारलं.

"उद्घाटन झालं की."

"आन् ते झालंच न्हाई तर?"

"लय बोलायलीस तू," सर म्हणाले. "खेळाडूला शिस्त पायजे."

साहेब आले ते शेवटच्या दिवशी. वेळ वाचावा म्हणून उद्घाटन आणि समारोप एकत्रच उरकायचं ठरलं. साहेबांनी फीत कापून शिबिर सुरू केलं आणि चहा येईपर्यंत ते यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. मैदान मुलांची वाट पाहतंय, असंही ते भाषणात म्हणाले. मुलांनी शिकवल्याबरहुकूम टाळ्या वाजवल्या.

मग फोटोसाठी मुलांना सुरुवातीच्या रेघेवर बसवलं. एक गुडघा टेकलेला, मान वर. कोपऱ्यात जागा उरली म्हणून राखीवमधून रुद्राणीला घेतलं. सरांनी शिट्टी तोंडात धरली. ती नुसती धरायचीच होती. पण साहेब अगदी खेटून उभे राहिले, सरांचा रोखलेला श्वास सुटला आणि शिट्टी वाजली.

बाकीची मुलं शिबिरात चांगली तयार झालेली होती. ती हलली नाहीत.

रुद्राणी सुटली. फक्की उडाली, कुत्रं सोबतीला आलं. बूट बोटांना चावत होते आणि ती पळत होती, पार शेवटच्या रेघेपर्यंत. तिथे कुणी नव्हतं. ती धापा टाकत जरा वेळ थांबली, इकडेतिकडे पाहिलं. मग बूट काढून हातात घेतले आणि चालत परत आली.

फोटोत कोपरा रिकामा आला. शिबिराच्या समितीने जागेवरच बैठक घेतली. सर्व मुलांना धावण्यातील प्रावीण्याबद्दल प्रमाणपत्र देण्यात आलं. रुद्राणीचं बेशिस्तीबद्दल रोखण्यात आलं.

ती घरच्या दुकानावर आली तेव्हा तिच्या वडिलांनी, शिवप्रकाशनी, मोबाइलमधून मान वर केली. "समद्यांना भेटलं. तुलाच कसं न्हाई?"

"मी पळाले, पप्पा."

शिवप्रकाशनी गिऱ्हाइकाकडे ओशाळून पाहिलं. "मंग कशाला पळायचं, माय?"

तोवर तो फोटो मोबाइलवरून गावभर फिरला होता. न पळालेल्या मुलांखाली अभिनंदनाच्या अंगठ्यांची रांग लागली होती. नीट बघा, त्यात एक तुमचाही आहे.